जुवाची डावी बाजू

वसियतनामा लिहून ठेवणार महालिंगप्पा वल्द शंकरप्पा, कौम लिंगायत, धंदा जत्रेजत्रेतून खण, कुंकू आणि विभूती विकण्याचा, राहणार मौजे माकणी, जिल्हा उस्मानाबाद. खालचा सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. छाती भरून येते, दोन ओळी लिहिल्या की दम खावा लागतो, पण डोके शाबूत आहे. माझा धाकटा भाऊ कल्याणप्पा याचे म्हणणे निराळे पडते, म्हणून लोहाऱ्याच्या वैद्यांना समोर बसवून तपासून घेतले. त्यांनी नाडी धरली आणि आज वार कोणता ते विचारले. मी बिनचूक सांगितला. वाराच्या बाबतीत मी जन्मात चुकलेलो नाही, आणि माझ्या संसाराचे जे झाले ते वारावरूनच झाले.

हे मी राजीखुशीने लिहितो. कोणी दारू पाजलेली नाही, कारण मी पीत नाही. कोणी धाक घातलेला नाही, कारण मला धाक घालणारी एकच होती, माझी बायको शिवम्मा, आणि ती गेल्या सालच्या पौषात लिंगैक्य झाली.

वारस म्हणाल तर एकच मुलगी, इरम्मा. सोलापुरात दिलेली आहे. जावई वीरभद्र मोटारी दुरुस्त करतो. आईचे दिवसकार्य उरकले त्या दिवशी इरम्मा या दारातून गेली ती परत आलेली नाही. मी चार माणसांकडून निरोप धाडले, उत्तर नाही. हा कागद खरे तर तिच्यासाठी आहे. बाकीच्यांनी नुसते ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये.

कलम पहिले. माकणीतले माळवदाचे घर मी कल्याणप्पास देतो. गावाला नवल वाटेल, कारण आम्ही भाऊ भाऊ बोलत नाही. शिवम्माला समाधी देऊन आलो, अंगावरचे पाणी वाळले नव्हते, आणि याने मला अंगणात गाठून म्हटले, "अण्णा, आता ती गाडी मोडा. सागवान चांगलं हाय, गव्हाणीला येईल." त्या दिवसापासून मी त्याच्या घरचे पाणीसुद्धा घेतलेले नाही. तरी घर त्याचेच. आम्हा दोघांना ते कधी फारसे लागलेच नाही. पावसाळ्यापुरते त्यात राहायचो, आणि तेवढ्यात शिवम्मा भिंतींशी भांडण काढायची. म्हणायची, "ह्या भिंती काय, आज हितं, उद्याबी हितंच."

अट एकच. अंगणात घरगाडी उभी आहे, दांडी रस्त्याकडे करून. इरम्मा येईपर्यंत कल्याणप्पाने तिला हात लावू नये, तिच्यावर मिरच्या वाळत घालू नयेत, तिच्यात कोंबड्या कोंडू नयेत. हे त्याच्या बायकोला, म्हणजे सिद्धम्माला, दोनदा वाचून दाखवावे, कारण कोंबड्या तिच्या आहेत.

कलम दुसरे. घरगाडी मी इरम्मास देतो. जावयास नव्हे, इरम्मास.

ही गाडी कशी झाली ते तिने आईच्या तोंडून ऐकले आहे, पण आईने त्यात मीठमसाला घातला असणार. खरे असे की, लग्न झाले त्या साली मी जत्रेला निघालो तेव्हा शिवम्मा उंबऱ्यात आडवी बसली. "तुमी गावोगाव हिंडणार, आन् म्या हितं चुलीत फुंकर मारत बसू व्हय? मलाबी न्या." मी म्हटले, जत्रेत बाईमाणसाला उतरायला जागा नसते. ती म्हणाली, "मग जागा संगं घ्या." झाले. व्यंकट सुताराला बोलावले, आणि त्याने सांगितल्यापेक्षा दुप्पट दिवस लावून गाडी उभी केली. साटा, म्हणजे माल ठेवायची चौकट, नेहमीच्या गाडीपेक्षा लांब, वर तट्ट्याचे छप्पर, खाली मालाचे गठ्ठे, त्यावर फळ्या, फळ्यांवर अंथरूण. मागचे दार खाली पाडले की तेच दुकान. उजव्या अंगाला एक खिडकी, ती शिवम्माची. छपराच्या बांबूला लोखंडी कडी आहे, ती पाळण्याची. नळदुर्गचा खंडोबा, येरमाळ्याची येडाई, तुळजापूर, सगळीकडे इरम्मा त्या कडीला लोंबकळत वाढली. गाडी चालली की झोपायची, थांबली की रडायची. मग मुक्कामावर मी चाकाला खांदा लावून गाडी मागेपुढे हलवीत उभा राही, आणि शेजारचे दुकानदार मला हसत.

कलम तिसरे, गाडी बाळगण्याविषयी. वीरभद्राला मोटारीतले सगळे कळते, पण ही मोटार नाही. त्याने हे कलम टोपी काढून ऐकावे.

ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, जू वर उचलते आणि बैलाचा गळा आवळतो. पुढे जास्त झाले तर धुरजड होते आणि बैलाची मान बसते. निघण्याआधी दांडी टेकूवरून हाताने उचलून बघावी. जरा कुंथून उचलली गेली आणि सोडल्यावर आपणहून खाली आली, म्हणजे तोल बरोबर. जे जड ते आखाच्या किंचित पुढे, खाली, आणि दोरीने आवळून. उरलासुरला तोल शिवम्मा स्वतः सरकून सांभाळायची. "मला तागडीतलं वजन करून ठिवलंय," असे कुरकुरायची आणि सरकायची.

वंगण चाक बोलायला लागल्यावर घालू नये, आधी घालावे. एरंडेलात भिजवलेली चिंधी आखाला गुंडाळावी. आखाच्या टोकाची खीळ प्रत्येक मुक्कामाला हाताने चाचपावी, डोळ्यावर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि चाकावरची लोखंडी धाव ढिली पडते, तेव्हा ओढा लागला की गाडी पाण्यात उभी करून चाके भिजू द्यावीत. उतारावर माणसाने मागे राहावे, पुढे पळू नये. उतारावर गाडी मालकाला ओळखत नाही.

गाडीत सुधारणा करण्याची हौस सगळ्यांना येते. आम्हालाही आली. व्यंकटने गोड गोड बोलून तट्ट्याच्या जागी पत्रा ठोकला. पहिल्या चैत्रात आत भाकरी भाजून निघाली असती, आणि गारा पडल्या तेव्हा बैल बुजून नांगरटीत घुसले. पत्रा काढला. तो शेजारीण नागूबाईच्या शेळ्यांवर आहे, तिथेच राहू द्यावा. व्यंकटने तट्ट्याचे छप्पर अजून नीट करून दिलेले नाही. त्याला या मृत्युपत्रात काही मिळणार नाही. त्याला साक्षीला घेतला आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. हे ऐकून मला बरे वाटले.

पत्र्यानंतर जाते आले, पितळी हंडा आला, खणांची पेटी आली. हंडा एका जत्रेत शिवम्माने हट्टाने घेतला, "पाहुणं आलं तर?" म्हणून. गाडीत कोण पाहुणे येणार होते? पण आला. म्हणून नियम लिहून ठेवतो. कोणतीही वस्तू गाडीत घालण्याआधी ती आपण स्वतः उचलून माळावर चालत न्यावी. दमलो नाही तरच घालावी. हा नियम मला उशिरा सुचला.

कलम चौथे. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

आमच्यात सोमवारी बैल जुंपत नाहीत. नंदीचा वार. नांगर नाही, मोट नाही, गाडी नाही. कुठेही असलो तरी रविवारी दिवस मावळता गाडी सोडायची ती मंगळवारी जुंपायची. सोमवारी शिवम्मा बैलांना धुवायची, कपाळाला विभूती लावायची, पहिला घास त्यांना. मग माझ्याकडे वळायची, कारण आठवड्यात तेवढाच एक दिवस मी तिला बसलेला सापडत असे. आमची सगळी बोलणी सोमवारी झाली. इरम्माचे लग्नसुद्धा आम्ही एका सोमवारी झाडाखाली बसून ठरवले.

गेल्या साली नळदुर्गची जत्रा उठली आणि आम्ही माघारी निघालो. लोहारा पुढे राहिला असताना रविवार मावळला, म्हणून माळावर लिंबाखाली गाडी सोडली. सोमवारी सकाळी शिवम्मा भाकरी थापता थापता पोट धरून खाली बसली. उलट्या झाल्या, तोंड पांढरे पडले. मी तिला उचलून गाडीत ठेवली, जू उचलले आणि बसवा बैलाला हाक मारली. आत पडल्या पडल्या ती ओरडली, "काय करताय? वार कोणता?"

मी म्हटले, "मसणात गेला वार."

ती कोपरावर उठली. "आवो, जन्मभर त्यांनी आपल्याला वढलं. आपण त्यांना एक दिस देतो. तोबी माझ्यापायी हिसकावून घेता? जू ठिवलं तर म्या खाली उडी टाकीन, सांगून ठिवते." आणि ती टाकणारी बाई होती. इरम्मा, तू तिला ओळखतेस. तुझी आई माझे ऐकणारी होती का?

आसपास कोणी नव्हते. मी म्हटले, "मग म्या वढतो." ती म्हणाली, "वढा."

मी बैल गाडीच्या मागे दाव्याने बांधले आणि जुवाच्या उजव्या बाजूला छाती लावली. पहिल्याच चढावर कळले की या गाडीत आम्ही काय काय भरून ठेवले आहे. जाते उतरवले, वाटेच्या कडेला ठेवले. पुढे हंडा. पुढे खणांची पेटी. ती आतून हसली, दुखत असताना. म्हणाली, "सारा संसार माळावर मांडताय की!" मग खिडकीतून मला हाका सुरू झाल्या, बैलाला मारतात तशा. "हो... हो... उजवीकडं घ्या की! चाळीस वर्सं सांगत होते, तुमी बैल हाय म्हून. आज खरं केलंत."

एकट्या माणसाने जू ओढले की गाडी रिकाम्या बाजूला जाते, हे ज्याने ओढले त्यालाच माहीत. मी उजवीकडे होतो म्हणून गाडी सारखी डावीकडे खात होती. मधोमध दांडी येते, तिथे उभे राहता येत नाही. गाडी डावीकडे गेली की ती आतून ओरडायची, आणि मी जोर लावून सरळ करायचो. पुढे लिंबाजी धनगर मेंढरे घेऊन आडवा आला. त्याने काठी टाकली आणि मागून चाकाचे आरे धरून ढकलू लागला. त्याची मेंढरे आमच्या मागे, बैलांच्या बरोबर. अशी ती वरात निघाली होती.

लोहाऱ्याची झाडे दिसू लागली. गाडी डावीकडे गेली. आतून कोणी ओरडले नाही. मी मुद्दाम जरा जाऊ दिली. चाक वाटेवरून उतरून दगडावर चढले, तरी ओरडले नाही.

माणूस गेले की हलके होते म्हणतात. खोटे आहे. गाडी तेवढीच जड होती, आणि वैद्यांच्या दारापर्यंत ती मी ओढत नेली, कारण थांबावे तर का थांबलो ते स्वतःला सांगावे लागले असते.

दिवसकार्याला इरम्मा सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आप्पा, दोन बैल मागं बांधलेली, मोकळ्या मानंची, आन् तुमी पुढं. माझ्या आईला पोटदुखीनं मारलं न्हाय, तुमच्या सोमवारानं मारलं."   त्यावर एवढेच लिहितो. बैल जुंपले असते तर ती वाचली असती का, हे मी वैद्यांना विचारले. ते म्हणाले, सांगता येत नाही. "नाही" म्हणाले असते तर मी सुटलो असतो. "हो" म्हणाले असते तर निदान तुझ्या शेजारी बसून स्वतःला शिव्या घातल्या असत्या. त्यांनी मला अधांतरी ठेवले, बाई, आणि मी तिथेच आहे.

कलम पाचवे. वाटेवर उतरवलेल्या सगळ्या वस्तू लिंबाजीच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी घरपोच आणून टाकल्या. एक खणसुद्धा कमी नव्हता. जाते सिद्धम्मास द्यावे. तिच्या कोंबड्यांवर माझा राग आहे, तिच्यावर नाही. खणांची पेटी आहे तशी इरम्मास. त्यातला हिरवा, नागमोडी काठाचा खण विकू नये, तो शिवम्माने स्वतःसाठी म्हणून बाजूला ठेवला आणि प्रत्येक जत्रेत गिऱ्हाईक आले की घाबरून खाली दडपला. मी नवरा असून तिला तो कधी शिवून घे म्हटले नाही, असे कोणी म्हणेल. म्हटले होते. ती म्हणायची, "शिवला की जुना हुतो." हंडा मात्र कोणासही देत नाही. तो घरगाडीतच राहील. पाहुणे आले तर लागेल.

कलम सहावे. जावई वीरभद्र माझ्याकडे एकदा मोटारीची रबरी चाके घेऊन आला होता. म्हणाला, "मामा, आख बदलतो, चाकं बदलतो, मागं मोटारीलाबी जोडता येईल." आम्ही दोघे पोट धरून हसलो. शिवम्मा म्हणाली, "रबरावर चाक गप बसतं. मला खडखडीबिगर झोप न्हाय यायची." तो चहा न घेता गेला. त्याचा राग रास्त होता.

आता मी लिहून देतो की, त्याने ती चाके बेलाशक बसवावीत. माझी ना नाही. उलट माझी तशी इच्छा आहे. मात्र नुसते चाक बदलून भागणार नाही. चाकाच्या मधला जुना लाकडी तुंबा मोटारीच्या वेगाला पेट घेईल, तेव्हा आख लोखंडी करावा. दांडी आखूड करावी. मोटारीला जोडताना दोरीवर विसंबू नये. लोखंडी आकडा, त्यात खीळ, आणि वरून साखळी, म्हणजे खीळ निसटली तरी गाडी रानोमाळ जाणार नाही. तोल तोच, जड ते आखाच्या पुढे, नाहीतर गाडी मागे शेपटीगत हलेल आणि मोटारीलाच ओढून खड्ड्यात घालील. मोटार चालू असताना आत कोणी बसू नये, लेकरू तर मुळीच नाही. बाजूला एक जादा चाक बांधावे, कारण आपल्याकडच्या बाभळीला रबर फार आवडते. खिडकी बुजवू नये. पाळण्याची कडी काढू नये.

कल्याणप्पा विचारील, अण्णा आता मोटारीवर कसा काय भाळला. भाळलो नाही. घासलेटाच्या वासाने मला अजून मळमळते. पण मोटारीला सोमवार नसतो.

कलम सातवे. बसवा आणि गुलब्या हे दोन बैल मी नागूबाईस देतो. तिच्या घरी सोमवार पाळत नाहीत, म्हणून मी तिला आधी विचारले. ती म्हणाली, "आप्पा, ही शिवम्माची बैलं हायत. माझ्याकडं सोमवारी बसूनच खातील." ती शब्दाची बाई आहे.

जी काही शिल्लक माझ्या क्रियाकर्मातून उरेल ती इरम्माची. ती घेणार नाही असे म्हणाली तर मठात द्यावी. घासाघीस करू नये.

कलम आठवे आणि शेवटचे, माझ्या देहाविषयी. माझ्यासाठी देह मिरवत न्यायचे विमान बांधू नये. मठातल्या अय्यांनी विधी करावा, देह बसता करून घरगाडीत ठेवावा, शिवम्माच्या खिडकीपाशी, आणि तिच्या समाधीशेजारी न्यावा. तेव्हा रबरी चाके बसलेली नसणार, म्हणून निघण्याआधी वंगण घालावे. आतले सगळे सामान उतरवून ठेवावे. सोमवार सोडून इतर कोणत्याही वारी बैल जुंपावेत.

सोमवारी मेलो तर बैल मागे बांधावेत आणि माणसांनी जू धरावे. उजव्या बाजूला कल्याणप्पाने लागावे. गाडी मोडून गव्हाण करा म्हणाला होता, एकदा तिचे वजन त्याच्या छातीला कळू द्यावे. मागून लिंबाजी.

कोणताही वार असो, निघण्याआधी सोलापूरच्या वाटेकडे बघत दिवस कलेपर्यंत थांबावे. इरम्मा आली तर तिला उशीर का झाला ते कोणी विचारू नये. तिला रडा म्हणू नये, रडू नको असेही म्हणू नये. ती आली नाही तरी तिला कोणी बोल लावायचा नाही.

पण सोमवार असला, तर एक गोष्ट कबूल करून घेतो. जुवाच्या डाव्या बाजूला दुसऱ्या कोणीही लागायचे नाही. गाडी डावीकडे गेली तर जाऊ द्यावी, चाक दगडावर चढले तर चढू द्यावे. ती बाजू इरम्माची आहे. तिची वाट बघत रिकामी ओढावी.

येणेप्रमाणे लिहिले ते मला मान्य. वाचून पाहिले, खाडाखोड केलेली नाही, चौथ्या कलमात पाण्याने शाई फुटली आहे तेवढी चालवून घ्यावी.

सही: महालिंगप्पा वल्द शंकरप्पा, दस्तुरखुद्द

साक्ष: व्यंकट सुतार, राहणार माकणी. (तट्ट्याचे छप्पर मी नीट करून देईन, फुकट. व्यंकट.)

साक्ष: लिंबाजी धनगर, निशाणी डावा अंगठा. मागून ढकलणार.

मुक्काम माकणी. माघ वद्य पंचमी, शके १८६८, फसली सन १३५६. वार सोमवार. बैल झाडाखाली सुटे आहेत.